कुलूप लागलेलं घरही तुमच्या नमुन्यातच आहे

पत्राचा सारांश : अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं आहे. ऊसतोड कामगारांचं हंगामी स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचं शिक्षण हा तिचा विषय. मराठवाड्यातल्या १२ गावांमधून तिने साधारण २०० मुलांची माहिती गोळा केली. आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांची शाळेतली हजेरी फार कमी, तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांची बरी, असं तिला दिसलं. त्यावरून, स्थलांतरामुळे शिक्षणाचं नुकसान होतं आणि गरिबी पुढच्या पिढीत उतरते, असा निष्कर्ष तिने काढला. मार्गदर्शकांच्या मते नमुना लहान आहे, मुलांची संख्या ५०० करायला हवी. दिवाळीनंतर गावात गेल्यावर बऱ्याच घरांना कुलूप होतं, तेव्हा तिने त्याऐवजी शेजारचं घर घेतलं. एका आईने तिला विचारलं, ‘तुमच्या या कागदांचा माझ्या पोरीला काय उपयोग?’ यावर तिला काही बोलता आलं नाही. नमुना वाढवू, विषय बदलू की आहे ते लिहून मोकळी होऊ, असा तिचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

विषय बदलू नका. आहे तसं लिहूनही टाकू नका. मार्गदर्शकांना जाणवलेली अडचण खरी आहे, पण ५०० मुलं केल्याने ती सुटणार नाही. तुमच्या अभ्यासात तुलना कोणाची कोणाशी चालली आहे, हे आधी ठरवावं लागेल. ते ठरलं नाही तर ५,००० मुलांचा नमुनाही चुकीचंच उत्तर देईल, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

मूल मागे कोण ठेवतं, याचा विचार करा. घरात हिंडती-फिरती आजी असते. मूल अभ्यासात थोडं पुढे असतं, म्हणून बापाला वाटतं की याची शाळा बुडू नये. एखादी कोरडवाहू पट्टी असते आणि कोणीतरी गावात राहणार असतंच. याउलट घरात तान्हं मूल असेल, आजी थकलेली असेल, तर अकरा-बारा वर्षांच्या मुलीला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तान्ह्याला सांभाळायला सोबत नेतात. म्हणजे ज्या दोन गटांची हजेरी तुम्ही शेजारी-शेजारी मांडली, ते घर सोडण्याआधीच वेगळे होते. तुम्हाला दिसलेल्या फरकातला किती भाग फडामुळे आणि किती आधीचाच, हे तुमची आत्ताची माहिती सांगू शकत नाही.

अशा निवडीमुळे किती मोठी चूक होऊ शकते, याचा एक चांगला दाखला उपलब्ध आहे. टोंगा या पॅसिफिकमधल्या छोट्या देशातून न्यूझीलंडला जाऊ इच्छिणाऱ्यांची सोडत निघते. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी सोडतीत नाव निघालेल्या आणि न निघालेल्या अर्जदारांची तुलना करून स्थलांतरामुळे मिळकतीत किती फरक पडतो, ते मोजलं. मग सोडत बाजूला ठेवून तोच फरक नेहमीच्या पद्धतींनी मोजून पाहिला. एक पद्धत वगळता बाकीच्यांमध्ये फायदा २० ते ८२ टक्के फुगलेला निघाला. तिथे वय, शिक्षण, आधीची मिळकत असं बरंच काही हिशेबात धरलं होतं, तरीही. तुमच्या तक्त्यात तर फक्त हजेरी आणि मूल कुठे राहतं, एवढंच आहे.

तुमच्याकडे सोडत नाही, पण पंचांग तुमच्या बाजूने आहे. टोळ्या दसरा ते दिवाळीच्या सुमारास निघतात, शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळी मुलं गावात असतात. तेव्हा प्रत्येक मुलाची वाचनाची आणि गणिताची पातळी तपासा. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून जी पायरी-चाचणी वापरतं ती पुरेशी आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. चाचणी तोंडी आणि एकेका मुलाची स्वतंत्र असते, ती घरी घेतात, आणि प्रत्येक मुलाला थोडीच मिनिटं लागतात. पुढच्या जूनमध्ये तीच चाचणी पुन्हा घ्या. आता ‘फडावर गेलेलं मूल मागे आहे का’ हा प्रश्न उरत नाही. ‘ऑगस्टमध्ये सारख्याच पायरीवर असलेल्या दोन मुलांपैकी कोण किती पुढे सरकलं’ हा प्रश्न उभा राहतो, आणि याचं उत्तर तुम्ही देऊ शकाल. मधली तिसरी फेरी जानेवारीत, फडावर आणि वसतिगृहात जाऊन. प्रवासाला पैसे नसतील तर ही फेरी सोडा, पण ऑगस्टची कधीही सोडू नका.

याहून नेमकी तुलना सख्ख्या भावंडांची. एकाच घरातलं एक मूल मागे राहिलं आणि एक बरोबर गेलं, अशी घरं वेगळी काढा. आईवडिलांचं शिक्षण, जमीन, कर्ज, जात, गाव हे सगळं दोघांना सारखंच असतं. मात्र कोणतं मूल न्यायचं हे आईवडीलच ठरवतात आणि बहुतेक वेळा त्यात मुलगा-मुलगी हा भेद असतो. म्हणून ‘या मुलाला का ठेवलं, हिला का नेलं’ हा प्रश्न आईला आणि वडिलांना वेगवेगळा विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण कदाचित याच उत्तरांमधून उभं राहील.

आता तुमच्या निष्कर्षाच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाकडे येते. स्थलांतर म्हणजे नुकसान, असं तुम्ही धरून चालला आहात. बांगलादेशच्या उत्तरेकडे रंगपूर भागात भात कापणीला येण्याआधी ‘मोंगा’ नावाचा उपासमारीचा काळ असतो. तिथे घराद ब्रायन, श्यामल चौधुरी आणि मुशफिक मुबारक यांनी २००८ मध्ये गरीब कुटुंबांना साधारण साडेआठ डॉलर, म्हणजे जाण्याच्या बसभाड्याइतकी रक्कम दिली. तेवढ्याने २२ टक्के कुटुंबांनी एक माणूस शहरात कामाला पाठवला आणि मागे राहिलेल्यांचं खाणंपिणं सुधारलं. स्थलांतर तिथे गरिबीवरचा उपाय ठरलं.

मग आपल्याकडे वेगळं काय? तिथे एक माणूस जातो, घर जागेवर राहतं. ऊसतोडीत कामाचं मापच ‘कोयता’ आहे, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी गेली की मूल बरोबर जातं किंवा आईवडिलांविना राहतं. तिथे जाण्यासाठी हातात पैसे मिळाले. इथे निघण्याआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे काम आवडलं नाही, मूल आजारी पडलं, तरी परत येता येत नाही आणि खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर त्याचे पैसे अंगावर चढतात. शिवाय हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असतो, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळपास पूर्ण बुडतं. मुलाच्या शिक्षणाला धक्का लागतो तो जोडीने जाण्याचा, उचलीचा आणि या महिन्यांचा. ‘स्थलांतर’ या एका शब्दाखाली तुम्ही हे तिन्ही झाकून टाकले आहेत. ते सुटे करा. अर्धा कोयता म्हणून एकटाच जाणारा बाप, गावातच थांबलेली आई, उचल न घेता रोजावर गेलेलं कुटुंब, अशी घरं कमी असतील, पण ती शोधून नमुन्यात मुद्दाम घ्या. प्रश्न नेमका कशाचा आहे ते तीच दाखवतील.

कुलपाबद्दल मात्र थोडं कठोर लिहावं लागेल. बंद घराऐवजी शेजारचं घर घेतल्याने तुमचा नमुना नुसता लहान झालेला नाही, तो वाकडा झाला आहे. जे कुटुंब अख्खं गेलं तेच तुमच्या अभ्यासाचा विषय होतं आणि तेच गळलं. पुढच्या वेळी घर बदलू नका. शेजाऱ्यांना तीनच गोष्टी विचारा : किती जण गेले, कुठे गेले, कधी निघाले. घरयादी दसऱ्याआधी करा आणि प्रत्येक घराचे तीन फोन नंबर घ्या : कुटुंबाचा, गावातल्या एका नातेवाइकाचा आणि मुलीच्या मामाचा किंवा आत्याचा. रिचार्ज संपला की पहिला नंबर हमखास बंद पडतो. मुकादमाचा नंबर यासाठी वापरू नका. त्याच्यामार्फत गाठ पडली तर उत्तरं त्याला ऐकायला चालतील अशीच येतील.

तरीही काही मुलं सापडणार नाहीत. तेव्हा एकच टक्का न देता टोकं द्या. समजा यादीत २०० मुलं आहेत, १५० सापडली आणि त्यांतली १२० शाळेत आहेत. नेहमीच्या रीतीने तुम्ही ८० टक्के लिहाल. न सापडलेली ५० मुलं सगळी शाळेबाहेर असतील तर खरा आकडा ६० टक्के, सगळी शाळेत असतील तर ८५. म्हणून ‘६० ते ८५ च्या दरम्यान’ असं लिहा आणि ऑगस्टमधल्या चाचणीत ही ५० मुलं कुठे होती ते सांगा. परीक्षक अशा प्रामाणिक आकड्याला नाव ठेवत नाहीत. नाव ठेवलंच तर मार्गदर्शकांना बरोबर घेऊन उभं राहा.

५०० च्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. एका गावातल्या मुलांची शाळा एक, शिक्षक तेच, पाऊस तोच, बहुधा मुकादमही एकच. म्हणून एकाच गावातलं सतरावं मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. याचा हिशेब असा : गावातल्या मुलांची संख्या वजा एक, गुणिले त्यांच्यातलं साम्य, अधिक एक. १२ गावं, दर गावी १७ मुलं आणि साम्य ०.१ धरलं तर हा गुणक २.६ येतो. म्हणजे २०४ मुलांची माहिती प्रत्यक्षात साधारण ७८ मुलांइतकीच. तीच २०४ मुलं ३४ गावांत दर गावी ६ अशी विभागली तर गुणक १.५, आणि माहिती १३६ मुलांची. मुलं तेवढीच, प्रवास जास्त. मार्गदर्शकांना हे गणित कागदावर दाखवा आणि मुलं वाढवण्याऐवजी गावं वाढवण्याची परवानगी मागा. १२ च गावांवर काम करावं लागलं तर लक्षात ठेवा की इतक्या कमी गटांवर क्लस्टर स्टँडर्ड एरर (गावांचे गट धरून काढलेली अनिश्चितता) फसवी कमी येते. अशा वेळी अनिश्चितता मोजण्याची वाइल्ड बूटस्ट्रॅप ही रीत वापरा.

गरिबीच्या मोजणीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबते. केवळ शिधापत्रिकेचा रंग पाहून गरीब ठरवू नका. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातलं दारिद्र्य मोजलं ते खर्चावरून : १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात दरडोई दरमहा १५ रुपये, शहरात साडेबावीस. तुम्हीही खर्च विचारा. धान्य-किराणा गेल्या ३० दिवसांचा, कपडे, दवाखाना, शाळा, लग्नकार्य गेल्या ३६५ दिवसांचा. हंगामी कुटुंबाचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं, म्हणून जमलं तर ऑगस्ट आणि जानेवारी असं दोनदा विचारा. नुसत्या ऑगस्टच्या आकड्यावर ते खऱ्यापेक्षा जास्त गरीब दिसेल, नुसत्या हंगामाच्या आकड्यावर कमी.

आणि उचल हे उत्पन्न नव्हे, ते कर्ज आहे. समजा एका कोयत्याने एक लाख उचल घेतली आणि हंगामात ८० हजारांची तोडणी केली. उत्पन्न ८० हजार, पुढच्या वर्षावर बाकी २० हजार. उचल आणि तोडणी दोन्ही मिळकतीच्या रकान्यात भरणारा या कुटुंबाला १ लाख ८० हजारांचं धनी करून टाकतो, आणि त्याच्या तक्त्यात सगळ्यात कर्जबाजारी घर सगळ्यात सुखी दिसतं. म्हणून चार वेगळे रकाने ठेवा : घेतलेली उचल, तोडलेले टन आणि दर, कापलेला खाडा, राहिलेली बाकी. बैलगाडीवाले असतील तर वाढे (उसाचे शेंडे) विकून आलेले पैसेही विचारा. कोयत्याची मजुरी दोघांची असते, पण हिशेब होतो नवऱ्याशी. बाईच्या वाट्याचे पैसे कुणाच्या हातात पडले ते विचारलं नाहीत, तर घरातली विषमता तुमच्या गिनी गुणांकात (विषमता मोजणाऱ्या आकड्यात) कधीच दिसणार नाही. गिनी काढायला हे घर एकच माणूस असतं.

कोण स्थलांतरित, हेही आधी ठरवून चौकटीत अडकू नका. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने अल्पकालीन स्थलांतरित धरला तो वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेला. हंगाम लांबला की हेच कुटुंब त्या व्याख्येतून निसटतं. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रातलं गाळप जूनपर्यंत चाललं होतं. तुम्ही निघाल्याची आणि परतल्याची तारीख लिहा, वर्गवारी नंतर करा.

हजेरीपटावर विसंबू नका, एवढं पुरे. न सांगता दोन वेगवेगळ्या दिवशी वर्गात जाऊन डोकी मोजा.

हंगामी वसतिगृहांचा परिणाम काढायचा असेल तर गटसाधन केंद्रात आणि केंद्रप्रमुखांकडे जाऊन विचारा, की कोणत्या गावात वसतिगृह सुरू झालं आणि कोणत्या निकषावर. मुलांच्या किमान संख्येची अट लावली असेल तर त्या संख्येच्या थोडं वर आणि थोडं खाली असलेल्या गावांची तुलना करता येते, कारण ती गावं एरवी सारखीच असतात. पण अटीच्या अगदी वरच्या आकड्यावर गावांची गर्दी झालेली दिसली तर सावध व्हा. संख्या अटीत बसवून लिहिलेली असू शकते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, त्याचा वापर करावासा वाटेल. पण तो दर सगळ्यांना एकदमच लागू झाला, त्यामुळे तुलनेला दर न वाढलेला गट उरत नाही.

मुलाखतीबद्दल थोडं. उचलीचे आकडे फुटले तर कुटुंबाला पुढच्या हंगामात त्रास होऊ शकतो, म्हणून नावांची यादी आणि उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, मध्ये फक्त क्रमांक असू द्या. फडावर लहान मूल ऊस तोडताना दिसलं तर काय करायचं, हे जाण्याआधी ठरवा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक जवळ असू द्या, आणि ‘कुणालाही काहीही सांगणार नाही’ असं सरसकट वचन कुणालाही देऊ नका.

आत्ताची २०० मुलांची माहिती फेकायची नाही. ‘प्राथमिक पाहणी’ म्हणून तिचं एक प्रकरण करा. त्यात कारण-परिणामाचं वाक्य नको, कोण कुठे राहतं आणि कुणाला कुलपामुळे गाठता आलं नाही एवढंच सांगा.

राहिली ती आई. तिच्या प्रश्नाचं उत्तर प्रबंध पूर्ण होण्याआधी देता येतं. मुलगी ६ ते १४ वर्षांची असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार तिला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, राज्याबाहेरही. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. कलम ४ नुसार प्रवेश वयाप्रमाणे मिळतो आणि मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवणं ही शाळेची जबाबदारी असते. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक (नव्या शाळेत दाखवायचं पत्रक) मागून घ्यावं, हे तिला सांगा. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर तिथल्या शाळेची भाषा कन्नड असू शकते. अशा वेळी मुलीला गावाकडच्या हंगामी वसतिगृहात ठेवणंच बरं, आणि ते सुरू होणार की नाही हे दिवाळीनंतर नव्हे, सप्टेंबरमध्येच शाळेत विचारायचं. मुलगी नववीत गेली की या कायद्याचा आधार संपतो. बऱ्याच मुलींची शाळा तिथेच सुटते, आणि मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. तेव्हा समाजकल्याण कार्यालयात संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी करायला सांगा, जमलं तर स्वतः बरोबर जा.

ही माहिती एकाच घराला देऊ नका. ऑगस्टची चाचणी झाल्यावर सगळ्या गावांतल्या सगळ्या घरांना सारखीच द्या, एका पानावर मोठ्या अक्षरात छापून, आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवून. कोणत्या गावात कोणत्या तारखेला दिली ते वहीत लिहा आणि प्रबंधात नोंदवा. जूनमध्ये परत जाल तेव्हा दाखला कुणी मागितला, कुणाला मिळाला आणि कुणाला परत पाठवलं, हे तीन प्रश्न प्रश्नावलीत वाढवा.